मेट्सच्या व्यवस्थापनाला खुले पत्र : यंदाच्या जुलैत आधी इनिंग मोजा

प्रति,
श्री. स्टीव्ह कोहेन, मालक
श्री. डेव्हिड स्टर्न्स, बेसबॉल विभागाचे अध्यक्ष
न्यूयॉर्क मेट्स, सिटी फील्ड, क्वीन्स

महोदय,

२८ सप्टेंबर २०२५ रोजी मायामीत मेट्स ४-० असे हरले आणि हंगाम संपला. त्याच दुपारी मिलवॉकीत सिनसिनाटी रेड्सही हरले. दोन्ही संघांचे ८३ विजय आणि ७९ पराभव. तरीही प्लेऑफची शेवटची जागा रेड्सना मिळाली, कारण आपसांतल्या सहा सामन्यांपैकी चार त्यांनी जिंकले होते. कोहेनसाहेब, त्यानंतर लगेच तुम्ही चाहत्यांची जाहीर माफी मागितलीत. ती आम्ही मनापासून स्वीकारली. इतक्या स्पष्टपणे माफी मागणारे मालक या खेळात फार नाहीत.

पुढे हिवाळ्यात बरेच काही बदलले. पिचिंगचे प्रशिक्षक गेले, पीट अलोन्सो बाल्टिमोरला गेला, एडविन डियाझ डॉजर्सकडे, ब्रँडन निमो टेक्सासला. या प्रत्येक गोष्टीवर भरपूर बोलले गेले. ज्या निर्णयांमुळे ही वेळ आली त्या ३१ जुलैच्या ट्रेडचा, म्हणजे संघासंघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, हिशेब मात्र कोणी मांडला नाही. नवा हंगाम दारात आहे. जुलै पुन्हा येईल, संघ पुन्हा स्पर्धेत असेल आणि पुन्हा तुमच्या टेबलावर नावांची यादी पडेल. ती पडण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावे, म्हणून आत्ताच लिहीत आहोत.

आम्ही न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतले मराठी बोलणारे मेट्स समर्थक. एडिसन, जर्सी सिटी, फ्लशिंग अशा ठिकाणांहून सात नंबरच्या ट्रेनने सिटी फील्डला येणारे. आमचे नातेवाईक पुण्या-मुंबईत हेच सामने पाहतात. इथला संध्याकाळी ७.१०चा सामना तिथे पहाटे ४.४० वाजता सुरू होतो. गेल्या वर्षी ३१ लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली, त्यांत आमचाही वाटा आहे. म्हणून विचारण्याचा हक्क आम्हाला आहे असे आम्ही मानतो. मराठीत लिहितो आहोत, कारण घराघरांत हा वाद मराठीतच चालतो आणि तो सगळ्यांना वाचता यावा.

आधी वस्तुस्थिती. १२ जून २०२५ रोजी मेट्सचे ४५ विजय आणि २४ पराभव होते. संपूर्ण मेजर लीगमध्ये तो सर्वोत्तम विक्रम होता. ३१ जुलैला सायंकाळी सहा वाजता ट्रेडची मुदत संपली तेव्हा ६२-४७. त्यानंतरच्या ५३ सामन्यांत २१ विजय, ३२ पराभव. म्हणजे तुम्ही चार खेळाडू आणून संघ बळकट केला आणि संघ त्यानंतर आधीपेक्षा वाईट खेळला. याचे कारण नशिबात शोधण्याची गरज नाही. ते खरेदीच्या यादीतच दिसते.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी : कमतरता सामन्याच्या सुरुवातीच्या इनिंगची होती, खरेदी शेवटच्या इनिंगची झाली.

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकदा बदलला की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. एका सामन्यात नऊ इनिंग आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन, असे प्रतिस्पर्ध्याचे २७ बळी घ्यावे लागतात. त्यांतले स्टार्टरने, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरने, जितके घेतले त्यापुढचे सगळे बुलपेनने, म्हणजे त्याच्यानंतर येणाऱ्या रिलीव्हरांनी, घ्यायचे. तुमच्या स्टार्टर्सची अवस्था जुलैअखेर काय होती ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण वाचकांसाठी सांगतो. १२ जूनला कोडाई सेंगा पहिल्या बेसवर थ्रो घेण्यासाठी उंच उडाला आणि त्याचा हॅमस्ट्रिंग गेला. तोवर त्याची इआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, १.४७ होती. परतल्यावर तो तसा कधीच दिसला नाही, सप्टेंबरमध्ये त्याला सिरॅक्यूजला, म्हणजे मेट्सच्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या) संघात पाठवावे लागले. टायलर मेगिलचे कोपर जूनमध्येच दुखावले. २६ जूनला ग्रिफिन कॅनिंगच्या टाचेची शीर तुटली, त्याचा हंगाम तिथेच संपला. शॉन मनाया जुलैच्या मध्यावर परतला, तोही दुखऱ्या कोपराने. फ्रँकी मोंटास जूनच्या शेवटी आला आणि कधी स्थिरावला नाही. क्ले होम्स तर मुळात रिलीव्हर. मेजर लीगच्या एका हंगामात ७० इनिंगच्या पुढे तो कधी गेला नव्हता आणि जुलै संपेपर्यंत त्याने ती रेषा कधीच ओलांडली होती. उरला डेव्हिड पीटरसन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पीटरसन सोडला तर मेट्सच्या एकाही स्टार्टरने सहा इनिंग पूर्ण केल्या नाहीत.

आता साधा हिशेब करा. सहा इनिंग म्हणजे १८ बळी. स्टार्टर चार इनिंग आणि दोन बाद इतकेच टाकून परतला तर १४. रोजचे चार बळी कमी पडले. पाच सामन्यांत वीस. ५३ सामन्यांत २१२ बळी, म्हणजे ७० इनिंग आणि वर दोन बळी. एक चांगला रिलीव्हर एप्रिल ते सप्टेंबर अशा पूर्ण हंगामात साठ ते सत्तर इनिंग टाकतो. म्हणजे दोन महिन्यांत भरून काढायचा खड्डा एका रिलीव्हरच्या अख्ख्या वर्षाच्या कामाइतका होता. तीन रिलीव्हर आणून तो भरत नाही, कारण आणलेला प्रत्येक जण दोन महिन्यांत फार तर पंचवीस इनिंग देतो आणि त्या इनिंग तो आधीच असलेल्या कोणाच्या तरी जागी देतो.

बुलपेन थकतो कसा, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण आकड्यांच्या तक्त्यात ते दिसत नाही. स्टार्टर चौथ्या इनिंगमध्ये अडखळला की बुलपेनमध्ये दोघे उठतात. वीस-पंचवीस चेंडू टाकून हात गरम करतात. स्टार्टर कसाबसा निसटतो, दोघे परत बसतात. पाचव्या इनिंगमध्ये पुन्हा उठतात. कागदावर त्या दिवशी त्यांतल्या एकाची शून्य इनिंग नोंदली जाते, खांद्यावर मात्र तो दिवस पुरा पडलेला असतो. चार दिवसांत तीनदा असे झाले की चेंडूचा वेग ताशी एक-दोन मैलांनी उतरतो, स्लायडरची (वळणाऱ्या वेगवान चेंडूची) शेवटची कलाटणी जाते आणि आठवड्यापूर्वी हुकणारा फटका कुंपणापलीकडे जातो. शिवाय एकाच विभागातले संघ तेच ते रिलीव्हर वरचेवर पाहतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फिया, अटलांटा, मायामी यांच्याशी खेळताना नवेपणाचा फायदा उरत नाही.

यावर उपाय म्हणून तुम्ही सिरॅक्यूज ते क्वीन्स अशी पिचर्सची ये-जा सुरू ठेवलीत. तीही नियमांनी बांधलेली असते. २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३. खाली पाठवलेला पिचर, कोणी जखमी झाल्याशिवाय, १५ दिवस वर आणता येत नाही. एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. म्हणून थकलेल्याच्या जागी दरवेळी नवे नाव शोधावे लागले आणि हंगामाच्या शेवटी मेट्सने ४६ पिचर वापरलेले होते. मेजर लीगच्या इतिहासातला हा उच्चांक आहे. ४६ पिचर लागलेल्या संघाला कमतरता क्लोजरची, म्हणजे शेवटची इनिंग टाकणाऱ्याची होती, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

या परिस्थितीत तुम्ही काय आणलेत? बाल्टिमोरहून ग्रेगरी सोटो. सॅन फ्रान्सिस्कोहून टायलर रॉजर्स. सेंट लुइसहून रायन हेल्सली. आणि पुन्हा बाल्टिमोरहून सेंटर फिल्डर सेड्रिक मलिन्स. स्टार्टर एकही नाही.

तुमची बाजू आम्ही ऐकली आहे : बाजारात भाव फार चढे होते. हे काही अंशी खरे आहे. मिनेसोटाने जो रायन सोडला नाही, मायामीने सँडी अल्कांटारा सोडला नाही, वॉशिंग्टनने मॅकेंझी गोर सोडला नाही. या तिघा स्टार्टर्ससाठी तुम्ही नोलन मॅक्लीन किंवा जोना टाँग हे घरचे तरुण पिचर देऊन टाकले नाहीत, याबद्दल आम्ही तुमचे आभारच मानतो. पण आमची मागणी पहिल्या नंबरच्या पिचरची नव्हतीच. पाच दिवसांनी एकदा येऊन सहा इनिंग टाकणारा, तीन-चार धावा दिल्या तरी बुलपेनला विश्रांती देणारा माणूस हवा होता. असे लोक त्या आठवड्यात विकले गेले. अ‍ॅरिझोनाचा मेरिल केली तीन तरुण पिचर्सच्या बदल्यात टेक्सासला गेला. टोरोंटोने शेन बीबर एका तरुण पिचरवर घेतला, तोही कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून सावरत असताना. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो मैदानात आला आणि पुढे वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना त्याने टोरोंटोला जिंकून दिला. आणि सिनसिनाटी? त्यांनी टँपा बेकडून झॅक लिटेल आणला. तीन संघांच्या त्या सौद्यात रेड्सनी दिलेल्या खेळाडूंत पहिल्या फळीतले एकही नाव नव्हते. लिटेल काही तारा नाही. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये टाकतो, चार बॉलवर फुकट बेस देत नाही, पाच-सहा इनिंग खातो. तुमच्याइतकेच सामने जिंकून रेड्स पुढे गेले. एका विजयाचा फरक पुरेसा होता, आणि तो एक विजय लिटेलसारखा माणूस दहा सामन्यांत सहज मिळवून देतो, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरी तक्रार किमतीची. सोटोसाठी दोन खेळाडू, रॉजर्ससाठी तीन, हेल्सलीसाठी तीन, मलिन्ससाठी तीन. एकूण अकरा खेळाडू दिले. त्या बदल्यात आलेल्या चौघांचेही करार त्याच शरद ऋतूत संपणारे होते. चौघेही गेले : रॉजर्स टोरोंटोला, हेल्सली बाल्टिमोरला, सोटो पिट्सबर्गला, मलिन्स टँपा बेला. आज मेट्सकडे त्या अकरांपैकी कोणी नाही आणि त्या चौघांपैकीही कोणी नाही. भाड्याचा खेळाडू आणण्यात आणखी एक तोटा असतो. हंगामाच्या मध्यात ट्रेड झालेल्या खेळाडूला नवा संघ क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे ठरलेल्या पगाराचा एका वर्षाचा प्रस्ताव, देऊ शकत नाही. त्यामुळे तो दुसरीकडे गेला तर भरपाई म्हणून मिळणारा ड्राफ्टचा (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) हक्कही मिळत नाही. दोन महिने संपले की हात रिकामे.

रॉजर्सचा सौदा या दृष्टीने नीट पाहण्यासारखा आहे. रॉजर्स वाईट नव्हता, चौघांत तोच सर्वांत चांगला ठरला. जमिनीलगत हात नेऊन ताशी ८३ मैलांनी टाकणारा हा पिचर वर्षभरात ८१ सामन्यांत उतरला, लीगमध्ये सर्वाधिक. पण त्याच्यासाठी होसे बुट्टो दिला, जो बुलपेनमध्ये दोन-तीन इनिंग सलग टाकू शकत होता आणि अजून कित्येक वर्षे मेट्सच्या हक्कात राहिला असता. म्हणजे इनिंगचा दुष्काळ असताना लांब पल्ल्याचा माणूस देऊन एका इनिंगचा माणूस घेतला. सोबत ब्लेड टिडवेल हा स्टार्टर म्हणून तयार होत असलेला पिचर दिला आणि ड्रू गिल्बर्ट दिला. गिल्बर्ट आठवतो ना? २०२३च्या जुलैत जस्टिन व्हरलँडरला ह्यूस्टनला पाठवताना त्याच्या पगाराचा मोठा भार उचलून तुम्ही जे दोन तरुण आणलेत, त्यांतला एक. त्या वर्षी चाहत्यांना सांगितले गेले की आजचे पैसे देऊन उद्याचा संघ विकत घेत आहोत. तो उद्याचा संघ दोन वर्षांत एका रिलीव्हरच्या दोन महिन्यांवर खर्च झाला.

पैशाचा प्रश्न नाही, हे आम्हाला कळते. वान सोटोला ७६.५ कोटी डॉलर देणारा हा संघ आहे. पगाराच्या सर्वांत वरच्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे प्रत्येक जादा डॉलरवर मेट्सना एक डॉलर दहा सेंट कर पडतो. हेल्सलीचा वर्षाचा पगार ८२ लाख डॉलर. उरलेल्या एक तृतीयांश हंगामाचे साधारण २७ लाख आणि त्यावर कर ३० लाख. एवढे भरण्याची तयारी असेल तर ती ताकद वेगळ्या तऱ्हेने वापरता आली असती. ज्या संघाला जड करार नकोसा झाला आहे त्याच्याकडून पूर्ण पगारासह स्टार्टर घ्यायचा आणि त्या बदल्यात कमी दर्जाचे तरुण द्यायचे. २०२३मध्ये विकताना तुम्ही पैसे घालून चांगले तरुण मिळवलेत. विकत घेताना तेच उलट्या दिशेने करता येते. ते का झाले नाही, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

तिसरी तक्रार घरातल्या पिचर्सची. नोलन मॅक्लीन १६ ऑगस्टला पहिल्यांदा आला. आठ स्टार्ट, पाच विजय, एक पराभव, इआरए २.०६. दुसऱ्याच स्टार्टमध्ये, अटलांटात, त्याने सात इनिंग टाकल्या. जुलैत तो सिरॅक्यूजमध्येच होता. ट्रेडच्या मुदतीआधी तीन आठवडे त्याला वर आणले असते, तर दोन गोष्टी साधल्या असत्या. इनिंग तर मिळाल्या असत्याच, शिवाय ३१ जुलैला तुम्हाला कळले असते की बाहेरून नक्की काय आणायचे. घरात काय आहे ते न पाहता बाजारात गेल्यासारखे झाले.

इथे एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे. मॅक्लीनने हंगामात ४८ इनिंग टाकल्या. ५० ओलांडल्या की पिचरचा नवखा हा दर्जा जातो. तो दर्जा पुढच्या वर्षी टिकला आणि त्याने मोठा पुरस्कार मिळवला, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळू शकते. हा विचार त्याला वर आणण्याच्या तारखेत होता का? आम्ही आरोप करत नाही. पण एका विजयाने हुकलेल्या हंगामानंतर याचे सरळ उत्तर चाहत्यांना मिळायला हवे.

जोना टाँग २९ ऑगस्टला आला, ब्रँडन स्प्रोट ७ सप्टेंबरला. टाँगने तोवर ट्रिपल-एमध्ये जेमतेम दोन स्टार्ट केले होते. मेजर लीगच्या फलंदाजांनी त्याचा वर जाणारा फास्टबॉल आणि चेंजअप ओळखला, तेव्हा तिसरे अस्त्र तयार करायला वेळच नव्हता. त्याची इआरए ७.७१ झाली. यात त्या मुलाचा दोष नाही. तरुण पिचरला पहिले तीन-चार स्टार्ट मार खाण्यासाठी द्यावे लागतात. ते जुलैत देता येतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सलग आठ पराभवांची मालिका चालू असताना, देता येत नाहीत.

चौथी तक्रार आणलेल्या माणसाला वापरण्याच्या पद्धतीची. हेल्सली २०२४मध्ये ४९ सेव्ह करून, म्हणजे तितक्या सामन्यांत शेवटी आघाडी राखून, लीगमध्ये पहिला होता. कार्डिनल्ससाठी २०२५मध्ये त्याची इआरए ३.०० होती, मेट्ससाठी ती ७.२० झाली. तो चेंडू टाकण्याआधीच कोणता येणार हे फलंदाजांना कळते, म्हणजे तो पिच टिप करतो, हे पुढे उघड झाले. हे तपासायला फार काही लागत नाही. त्याच्या शेवटच्या दहा सामन्यांचे चित्रण घ्यावे. सेंटर फिल्डच्या कॅमेऱ्यातून आणि दुसऱ्या बेसवरच्या धावपटूच्या नजरेतून, फास्टबॉल आणि स्लायडर शेजारी शेजारी लावून पाहावेत : ग्लोव्ह किती उंचीवर थांबतो, ग्रिप शोधताना मनगट किती हलते, सेट झाल्यावर किती वेळ घेतो. ताशी ९९ मैलांच्या चेंडूवर फलंदाज वेळेवर बॅट आणत असतील तर पहिला संशय याचाच घ्यायचा. ही तपासणी खेळाडू घेण्याआधी व्हायला हवी, निदान पहिल्या आठवड्यात. ऑगस्टभर तो आठव्या इनिंगमध्ये मार खात राहिला आणि शेवटच्या काही सामन्यांत सावरला तोवर उशीर झाला होता. वर्षानुवर्षे नववी इनिंग टाकणाऱ्याला आठवीत आणले की त्याची तयारीची वेळ, गरम होण्याचा क्रम, समोर येणारे फलंदाज सगळे बदलते. नववी इनिंग टाकणारा डियाझ असताना हे होणारच होते. मग दुसरा क्लोजर आणण्याऐवजी मुळात आठवी इनिंग टाकणारा का आणला नाही?

मलिन्सबद्दल थोडक्यात. मेट्ससाठी त्याची फलंदाजीची सरासरी .१८२. सेंटर फिल्डची अडचण खरी होती, हे मान्य. पण डावखुऱ्या मलिन्सच्या येण्याने टायरोन टेलर आणि जेफ मॅकनील यांच्या जोडीपेक्षा फार काही वाढणार नव्हते, आणि तीन पिचर त्यासाठी गेले. एवढेच.

जुन्या गोष्टी उगाळायच्या नाहीत, पण काही सौदे विसरताही येत नाहीत, कारण चांगल्या-वाईटाची मोजपट्टी याच संघाने घालून दिली आहे. १५ जून १९८३ : नील अ‍ॅलन आणि रिक ओनबी देऊन कीथ हर्नांडेझ आणला, तीन वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हा मुदत १५ जूनची असे, म्हणून निर्णय लवकर व्हायचे. २०१५ : मायकेल फुल्मर देऊन योएनिस सेस्पेदेस आणला. फुल्मर पुढच्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला, तरी त्या सौद्याला आम्ही आजही नावे ठेवत नाही. सेस्पेदेसने ५७ सामन्यांत १७ होमरन मारले आणि संघ वर्ल्ड सिरीजला गेला. दुखणे फलंदाजीचे होते, औषध फलंदाजीचे दिले. उलट २००४मध्ये व्हिक्टर झांब्रानोसाठी स्कॉट कॅझमिर दिला. २०२१मध्ये हावी बायेझच्या दोन महिन्यांसाठी पीट क्रो-आर्मस्ट्राँग दिला, तो आज शिकागोच्या सेंटर फिल्डमध्ये चमकतो आहे आणि तुम्हाला गेल्या वर्षी सेंटर फिल्डर शोधत फिरावे लागले. २०२२मध्ये डॅरिन रफसाठी जे. डी. डेव्हिस आणि तीन पिचर दिले. रफची सरासरी .१५२ झाली आणि १०१ सामने जिंकूनही विभाग अटलांटाकडे गेला. यांतले पहिले तीन निर्णय तुमच्या काळातले नाहीत, २०२१ आणि २०२२चे स्टर्न्ससाहेबांच्या आधीचे आहेत. पण संघ तोच आहे आणि चाहतेही तेच.

जानेवारीत मिलवॉकीहून फ्रेडी पेराल्टा आणलात, हे आम्हाला मनापासून आवडले. २०२५मध्ये १७ विजय, इआरए २.७०, ३३ स्टार्ट. नेमका असाच माणूस हवा होता. त्यासाठी स्प्रोट आणि जेट विल्यम्स द्यावे लागले, आणि सौद्याच्या वेळी पेराल्टाच्या करारात एकच वर्ष उरले होते. किंमत मोठी आहे, तरी ती योग्य दुखण्यावर खर्च झाली. डेव्हिन विल्यम्स आणि ल्यूक वीव्हर हे रिलीव्हर आल्याने शेवटच्या इनिंगचीही सोय झाली आहे. म्हणजे यंदा जुलैत पुन्हा रिलीव्हरांची रांग लावायला कारण उरू नये.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

जून संपण्याआधी स्टार्टर्सच्या उरलेल्या इनिंगचा अंदाज लिहून काढा. प्रत्येकाने आजवर एका हंगामात जास्तीत जास्त किती टाकल्या आहेत, त्यापुढे किती जाऊ शकेल, दुखापत कोणाला आहे. बेरीज कमी पडत असेल तर पहिला ट्रेड स्टार्टरचा करा आणि तो मुदतीच्या दिवसाची वाट न पाहता करा. तीन आठवडे आधी आलेला स्टार्टर चार स्टार्ट जास्त देतो. त्यासाठी थोडी जास्त किंमत पडली तरी आमची तक्रार नसेल.

ट्रिपल-एमध्ये तयार असलेल्या पिचरला मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी संधी द्या. नवख्याचा दर्जा, सेवाकाळ, ड्राफ्टची निवड या गोष्टी प्लेऑफच्या शर्यतीत असलेल्या संघाने बाजूला ठेवाव्यात.

कराराचे शेवटचे दोन महिने उरलेल्या रिलीव्हरसाठी, अजून अनेक वर्षे हक्कात असलेला मेजर लीगचा पिचर देऊ नका. पैसे भरून किंमत उतरवता येत असेल तर पैसे भरा. कोहेनसाहेबांनी ती तयारी वेळोवेळी दाखवली आहे.

आणायच्या प्रत्येक पिचरचे चित्रण सौद्याआधी टिपिंगसाठी तपासा आणि तो येण्याआधी मॅनेजर कार्लोस मेंडोझा यांच्याशी बसून त्याची इनिंग ठरवा. खेळाडूलाही पहिल्याच दिवशी ती सांगा.

आणि २०२५च्या चार सौद्यांबद्दल एकदा जाहीरपणे बोला. कोणत्या स्टार्टरची चौकशी केली ही गुपिते आम्हाला नकोत. हंगाम संपल्यावर तुम्ही धावा रोखण्यात कमी पडल्याचे सांगितलेत. मग ३१ जुलैला पाच स्टार्टर्सची ती अवस्था समोर असताना, उरलेल्या ५३ सामन्यांच्या इनिंग कोण टाकणार असे तुमच्या कार्यालयात ठरले होते, एवढेच सांगा. सिरॅक्यूजमधून मॅक्लीन ऑगस्टच्या मध्यालाच का आला, तेही सांगा.

या पत्राला उत्तर हंगामातल्या पहिल्या घरच्या मालिकेआधी मिळाले तर आम्ही ते मराठीत अनुवादित करून आमच्या सगळ्या मंडळींपर्यंत पोहोचवू. तिकिटे आम्ही काढलेलीच आहेत.

आपले,
न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतील मराठी मेट्स समर्थक